चिखलाची चव सांगणारं घर

मला कडी नाही, कुलूप नाही, त्यामुळे माझी चावी कुणी कमरेला खोचून हिंडत नाही. तरीही मी दार आहे. तुमच्या घराच्या दारापलीकडे रस्ता असेल, शेजारी असतील, फार तर एखादं कुत्रं झोपलेलं असेल. माझ्या पलीकडे समुद्र आहे. मित्रांनो, आता तुम्हीच सांगा, मोठं दार कुणाचं?

मला उघाडी म्हणतात. अलिबागच्या उत्तरेला खारेपाट नावाचा मुलूख आहे. तिथे खाडीच्या कडेने मातीचा लांबच लांब बांध घातलेला आहे. बांधाच्या बाहेर खाडी आणि आत भातशेती. त्या बांधाच्या पोटातून एक दगडी मोरी जाते आणि मोरीच्या बाहेरच्या तोंडावर मी लटकते. भरती आली की खाडीचं पाणी मला बाहेरून ढकलतं आणि मी घट्ट मिटते. ओहोटी लागली की शेतातलं पाणी मला आतून ढकलतं आणि मी उघडते. पावसाचं जास्तीचं पाणी बाहेर जातं, खारं पाणी आत येत नाही. दिवसातून दोनदा हे काम करायचं. सुट्टी कधीच नाही. गणपतीत सगळं गाव आरत्या म्हणत असतं, तेव्हा मी उधाणाशी झुंजत असते.

लोक म्हणतात, उघाडी आपोआप चालते. हे ऐकलं की मला हसू येतं. एखादी काटकी माझ्या कडेला अडकली की बोटभर फट राहते, आणि तेवढ्या फटीतून एका भरतीत अर्धं शेत खारं होऊन जातं. ती काटकी काढायला माणूस लागतो. मला अशी माणसं मिळाली, एकाच घरातली, चार पिढ्या. आज मी त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. सांगताना माझी छाती फुगली तर समजून घ्या.

मला इथे बसवलं मोरूने. त्याच्याआधी इथे नुसतं खाजण होतं, म्हणजे गुडघाभर चिखल, तिवरांची झुडपं आणि चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे. मोरू आणि त्याच्या गावकऱ्यांनी दोन उन्हाळे डोक्यावरून चिकणमाती वाहिली आणि हा बांध उभा केला. मोरूच्या वाट्याला बांधाच्या आतली दोन एकर जमीन आली. मग तो कोळीवाड्यातल्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडे गेला आणि पाण्यात टिकणारं दार मागितलं.

"दार कनाला पायजे तुला?" सुताराने विचारलं. "चोर येनार हाय काय?"

"व्हय," मोरू म्हणाला. "दिवसातून दोनदा."

सुताराने एका मोडलेल्या मचव्याच्या सागवानी फळ्या काढल्या आणि मला बनवलं. म्हणजे मी मूळची समुद्रावर नाचणारी. त्याच समुद्राला अडवायला मला उभं केलं, म्हणून खाडी सुरुवातीला माझ्यावर फार रागावली होती. ती अजूनही अधूनमधून रागावते. मी लक्ष देत नाही.

बांध झाला, मी आले, पण शेत लगेच झालं नाही. समुद्राच्या तळची जमीन ती. उन्हाळ्यात तिच्यावर मीठ पांढरं फुलायचं. मोरू काय करायचा, की मोरीच्या आतल्या तोंडाला एक फळी लावून पावसाचं पाणी शेतात उभं करायचा. दोन दिवसांत मीठ त्यात विरघळायचं. मग ओहोटी बघून फळी काढायची, की ते खारट पाणी माझ्या अंगावरून धडाधड खाडीत जायचं. पुन्हा फळी, पुन्हा पाऊस, पुन्हा ओहोटी. याला आमच्याकडे शेत धुणं म्हणतात. तीन पावसाळे मोरूने नुसतं शेत धुतलं. लोक त्याला हसले. घरात खायला नाही आणि हा चिखल धूत बसलाय, असं म्हणाले.

चौथ्या वर्षी आषाढात मोरू शेतात उतरला. माझ्याजवळचा कोपरा सगळ्यात खोल आहे, मीठ तिथे सगळ्यात शेवटपर्यंत राहतं. तिथे वाकून त्याने चिमूटभर चिखल उचलला आणि जिभेवर ठेवला. थोडा वेळ उभा राहिला. मग थुंकला आणि बांधावर बी घेऊन उभ्या असलेल्या बायकोला म्हणाला, "टाक."

त्या वर्षी इथे पहिल्यांदा लाल तांदूळ पिकला. मला विचाराल तर त्या दिवशी माझा खरा जन्म झाला.

तेव्हापासून या घराची रीत पडली. पेरणीच्या दिवशी घरातलं एकच माणूस शेतात उतरतं आणि चिखलाची चव बघतं. त्याने "टाक" म्हटलं तरच बी पडायचं. आमच्याकडे बी आधी भिजवून, पोत्यात दाबून, त्याला मोड आणतात आणि मग चिखलात फेकतात. चिखल खारा असला तर ते कोवळे मोड दोन-चार दिवसांत करपून जातात, आणि मग वर्षभर दुसऱ्याच्या दुकानातून तांदूळ आणावा लागतो. म्हणून ती चव महत्त्वाची.

आणि दुसरी रीत अशी, की ज्या वर्षी जुनं माणूस बांधावरच थांबतं आणि खाली उतरत नाही, त्या वर्षापासून शेत पुढच्याचं. तलाठ्याच्या कागदावर नाव चढायचं तेव्हा चढो. आमच्यासाठी शेत त्याच दिवशी पुढच्याच्या हातात जातं. मोरू असाच एका आषाढात बांधावर थांबला आणि त्याचा मुलगा भिकू खाली उतरला.

भिकू फार वर्षं राहिला नाही. ऐन तिशीत तापाने गेला. पुढच्या आषाढात शेत धुतलं गेलं, बी मोडावर आलं, आणि बांधावर गावातली चार माणसं तोंडं पाडून उभी राहिली. चव कोण बघणार? भिकूचा मुलगा अनंता तेव्हा सहा वर्षांचा, नाकातला शेंबूड पुसत उभा. त्याची आई ठमाबाई कुणाला काही न विचारता लुगड्याचा काचा मारून खाली उतरली.

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "ठमा, तुला काय समजनार त्यातलं?"

"आमटीत मीठ कोन घालतंय, तू?" ठमाबाईने वर न बघता विचारलं.

तिने चिखल जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "आज न्हाय. अजून चार दिस धुवा." चार दिवसांनी ती पुन्हा उतरली आणि मग "टाक" म्हणाली. त्या वर्षी गावात सगळ्यात भरदार पीक तिचं आलं. बांधावरची ती चार माणसं पुढच्या वर्षी आपापल्या शेताची चव बघायला तिला बोलवायला आली. हळूहळू आजूबाजूच्या गावांतूनही बोलावणी यायला लागली. आषाढात ठमाबाई घरी सापडायची नाही. कुणी काही देऊ केलं तर ती घ्यायची नाही. फार आग्रह झाला तर पांढऱ्या कांद्याची एक माळ घ्यायची, तीही वाटेत कुणाला तरी देऊन टाकायची. लोक या घराला "चव सांगणारं घर" म्हणायला लागले, आणि मी त्या घराची उघाडी. माझ्याजवळून जाताना लोक दोन क्षण थांबत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग एका आषाढात ठमाबाई माझ्या डोक्यावरच्या सपाट दगडावर पाय सोडून बसली आणि खाडीकडे बघत राहिली. अनंताने दोनदा तिच्याकडे पाहिलं. ती काही त्याच्याकडे बघेना. तेव्हा तो समजला आणि खाली उतरला.

मित्रांनो, अनंताबद्दल मी किती सांगू? त्याने माझी जी निगा राखली, ती आपल्या पोरांची तरी राखली असेल की नाही, देव जाणे. वैशाखात तो बांधातली खेकड्यांची बिळं हाताने चाचपून बुजवायचा. माझी तळची फळी झिजली, ती त्याने दोनदा बदलली. म्हणजे मी पूर्वीची तीच राहिले का, असं कुणी मला विचारू नका, मला राग येतो. बाकीच्या शेतकऱ्यांची मुलं एकेक करून कंपन्यांत आणि मुंबईला गेली. त्यांच्या भागातला बांध कुणी बघेना. एका उधाणात तिकडे मोठी खांड पडली, खाडी आत शिरली, आणि जिथे भात डोलायचं तिथे आता तिवरांचं रान आहे. अनंताने मात्र वेळीच मधला बांध उंच करून आपलं शेत वाचवलं. त्या ओळीत आज आमचं एकच शेत हिरवं आहे. वरच्या रस्त्याने जाणाऱ्या गाड्या तिथे हळू होतात.

पस्तीस वर्षं अनंताची जीभ एकदाही चुकली नाही.

मग करोनाचं दुसरं वर्ष आलं. उन्हाळ्यात अनंताला ताप आला. दोन आठवडे तो माझ्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या आठवड्यात काठी टेकत आला, माझ्या दगडावर बसला आणि धाप लागेपर्यंत खोकला. मला वाटलं, वाचला, आता सगळं ठीक होईल.

त्या आषाढात तो शेतात उतरला. चिखल जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. यापूर्वी त्याने कधी डोळे मिटले नव्हते. बराच वेळ तसाच उभा राहिला आणि मग म्हणाला, "टाका."

मी हादरले. त्याच पहाटेच्या ओहोटीला माझ्या अंगावरून गेलेलं पाणी खारट होतं. त्या वर्षी पाऊस उशिरा लागला होता, मीठ धुवून निघालंच नव्हतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते फक्त पाण्यासाठी, बोलण्यासाठी नाही. बी पडलं. आठवड्याभरात मोड पिवळे पडले आणि करपले. दसऱ्याला शेतात गवताशिवाय काही नव्हतं. गाव म्हणालं, पावसाने घात केला. अनंताही तेच म्हणाला.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा "टाका", पुन्हा करपलेले मोड. या वेळी अनंता म्हणाला, "जमीन मेली." हे शब्द त्याने माझ्यासमोर उच्चारले, आणि मला असं लागलं की सांगता येत नाही. जमीन जिवंत होती. मी तिचं पाणी रोज बघत होते.

मित्रांनो, तुम्हाला कळलंच असेल. तापात अनंताच्या तोंडाची चव गेली होती आणि ती परत आलीच नव्हती. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाची चव गेली असती तर तो लोकांना सांगून मोकळा झाला असता. पण हा तर चव सांगणाऱ्या घराचा कर्ता माणूस. ठमाबाईचा मुलगा. तो कुठल्या तोंडाने सांगणार?

त्याच हिवाळ्यात कोळंबीची तळी करणारा एक गृहस्थ शेत बघायला आला. त्याला खारं पाणीच हवं होतं. त्याने मला पायाने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "हे दार काढून टाकायचं, म्हणजे भरतीचं पाणी सरळ आत येईल." नव्वदीला टेकलेल्या दाराला पायाने ढोसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. अनंताचा मुलगा पियूष पनवेलला नोकरी करतो. त्याचा फोन अनंता बांधावर उभा राहूनच घ्यायचा, आणि पियूषचा आवाज मलाही ऐकू यायचा.

"बाबा, टेन्शन कशाला घेता? चान्स चांगला आलाय. देऊन टाका आणि आरामात बसा."

पियूष वाईट मुलगा नाही. त्याला बापाचे श्रम वाचवायचे होते. पण अनंताची मुलगी किशोरी ऐकेना.

किशोरीची ओळख करून द्यायलाच हवी. ती अलिबाग ते रेवसच्या रस्त्यावर मिनीडोअर चालवते. मिनीडोअर म्हणजे आमच्याकडची माणसांची गच्च भरलेली तीनचाकी. किशोरीचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं, आणि भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ, कारण तिकडे बोटीही त्यावरच चालतात. ती बापाला म्हणाली, "अजून एक वर्स द्या. यंदा पिकलं न्हाय, तर मी स्वतः त्यांच्यासाठी दार काढीन."

"एक वर्स," अनंता म्हणाला. "मग मना अडवू नको."

माझं आणि शेताचं नशीब त्या एका वर्षावर टांगलं गेलं.

वैशाखात घरचे लोक बांध दुरुस्त करायला आले. दुपारी माझ्या दगडाजवळ जेवायला बसले. अनंताची बायको केसर हिने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण आणलं होतं. घाईत कालवणात आईनेही मीठ घातलं होतं आणि लेकीनेही. किशोरीने पहिला घास तोंडात घातला आणि तिचा चेहरा वाकडा झाला. ती आईला काही म्हणणार, तोच तिचं लक्ष बापाकडे गेलं. अनंता मजेत जेवत होता. त्याने कालवण पुन्हा वाढून घेतलं आणि म्हणाला, "झ्याक झालंय आज."

किशोरीच्या हातातला घास हातातच राहिला. तिने बापाकडे पाहिलं, मग शेताकडे पाहिलं. अनंता हात धुवून पुढच्या बांधाला गेला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "आई, बाबांना चव लागत न्हाय."

केसर खरकटं गोळा करत होती. तिने मान वर केली नाही. "मना ठाऊक हाय."

"कवापासून?"

"तापापासून. मना शपथ घातली त्यांनी, कुनाला सांगू नको म्हनून. तू बी बोलू नको, बाय. त्यांच्याजवल तेवरंच उरलंय."

"पन आई, त्याच्यापायी शेत जातंय. जमिनीला मेली म्हनतात ते."

केसरने भांडी टोपलीत भरली. टोपली डोक्यावर घेतली आणि घरी गेली. किशोरी मात्र बराच वेळ माझ्या दगडावर बसून राहिली. तिला बापाचा मान ठेवायचा होता आणि बापाचं शेतही ठेवायचं होतं, आणि दोन्ही एकदम कसं राखावं हे तिला सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. मी नुसती लटकत राहिले.

पाऊस लागला, तोही उशिराच. किशोरी पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ओहोटीला येऊन आतली फळी काढायची आणि लावायची, मग गाडीवर जायची. अनंता पंचांग बघून दिवस मोजत होता. जीभ गेल्यावर त्याच्याकडे तेवढंच साधन राहिलं होतं. एक दिवस त्याने बी भिजवायला सांगितलं. मोड आले. आणि मोड आलेलं बी थांबत नाही, हे लक्षात ठेवा. दोन दिवसांत त्याचं काहीतरी करावंच लागतं.

पेरणीच्या सकाळी बांधावर सातआठ माणसं जमली. शेजारची म्हातारी नीराबाई आली होती. तिचं शेत वर, गावाला लागून, गोड्या पाण्याचं. पण आमच्या पेरणीला ती ठमाबाईच्या काळापासून न चुकता हजर. किशोरी बियांची टोपली घेऊन उभी होती. अनंता खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत चालत गेला, वाकला, आणि चिखल जिभेवर ठेवून त्याने डोळे मिटले. त्या पहाटेचं पाणी अजून खारट होतं. मी जिवाच्या आकांताने फळ्या करकरवल्या. लोकांना वाटलं, वारा आला.

आणि मग किशोरीने टोपली खाली ठेवली आणि ती शेतात उतरली. एका वेळी दोघं उतरल्याचं मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. बांधावर कुजबुज झाली.

नीराबाई म्हणाली, "ह्ये काय नवीन काढलंस, बाय?"

किशोरी बापाच्या शेजारी वाकली, चिमूटभर चिखल उचलला आणि जिभेवर ठेवला. मग बांधाकडे पाठ करून, फक्त बापाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बाबा, माजी जीभ कच्ची हाय. मना खारट लागतंय. तुमी म्हनाल ते खरं."

मोरीचं तोंड तिथून चार हातांवर आहे, म्हणून मला ऐकू आलं. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं. तिने खरं सांगितलं होतं आणि निर्णय बापाच्याच हातात ठेवला होता. आता त्याने "टाका" म्हटलं असतं तर ती मुकाट्याने बी फेकणार होती, आणि पुढच्या वर्षी मी कुणाच्या तरी चुलीत गेले असते.

अनंताने डोळे उघडले. लेकीकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक आहे हे त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्याचे ओठ चिखलाने माखले होते. बांधावरची माणसं त्याच्या एका शब्दाची वाट बघत होती. तो थुंकला, हाताच्या पाठीने तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "खारट हाय. किशोरी सांगते, ते बरोबर. माजी चव तापात गेली. दोन वर्सं मी तुमाला नुसताच सांगत व्हतो. जमीन बरी हाय. मी चुकलो."

मग अनंता चिखलातून पाय काढत काढत निघाला आणि बांधावर चढला. वर जाऊन माझ्या दगडावर बसला. किशोरी एकटीच शेतात उभी राहिली. ते पाहिलं आणि बांधावरच्या प्रत्येकाला समजलं की काय झालं. केसरने पदर तोंडाला लावला. किशोरीला समजायला जरा वेळ लागला, आणि समजल्यावर ती रडायला लागली. ती मोठ्या आवाजाची मुलगी, रडणंही मोठंच.

"रडतेस काय," अनंता वरून म्हणाला. "बी थांबत न्हाय. काय करायचं, सांग."

ते तर कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा नीराबाई पुढे झाली. "माज्या वरच्या तुकड्यात फेका," ती म्हणाली. "पानी गोडं हाय. रोप होईल. तुमचं शेत धुवून झालं का रोप उपटून आना आन लावा. माजी खालची शेतं खाडीत जायच्या आदी ठमीने फुकट चाखली व्हती. मी काय तिला इसरले न्हाय."

बी वरच्या तुकड्यात पडलं आणि आम्ही शेत धुवायला लागलो. पुढचे वीस दिवस मी इतकं काम केलं की तरुणपणीही केलं नव्हतं. किशोरी प्रत्येक ओहोटीला यायची, कधी गाडीच्या दोन खेपांच्या मधे, ड्रायव्हरच्या खाकी शर्टातच. ती फळी काढायची, मी उघडायचे, मीठ खाडीत जायचं. एकदा एक मोठी फांदी माझ्या कडेत अडकली. भरती चढत होती. छातीपर्यंत पाण्यात उतरून तिने ती फांदी ओढून काढली, आणि तिचा हात बाजूला होताच मी अशी मिटले की थेंबही आत गेला नाही. अनंता रोज बांधावर बसायचा आणि काही सांगायचा नाही. विचारलं तरच सांगायचा.

एकविसाव्या दिवशी किशोरी कोपऱ्यात उतरली, चिखल जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "लावा."

तिने डोळे उघडे ठेवले होते.

कार्तिकात शेत लाल-पिवळं झालं. ओंब्या इतक्या वजनदार की पात्यांना पेलेनात. कापणीला पियूष दोन दिवसांची रजा टाकून आला. बोटांना फोड येईपर्यंत कापत राहिला, आणि संध्याकाळी त्यानेच त्या कोळंबीवाल्या गृहस्थाला फोन करून सांगितलं की शेत द्यायचं नाही. अनंताने नव्या तांदळाची पेज प्यायली. त्याला तिची चव लागली नाही, हे केसरने मला सांगितलं नाही, पण मी समजू शकते. तरी तो दोन वाडगी प्यायला म्हणे.

मित्रांनो, मी म्हातारं दार आहे. उपदेश करायची मला सवय नाही, पण एक मागणं मागते. तुमच्या आसपासही माझ्यासारखी कुणीतरी असेल, जी आपोआप चालते असं सगळ्यांना वाटतं. एखादा पाण्याचा पाट, एखादी विहीर, एखादा बांध. तिच्याकडे अधूनमधून जाऊन बघा, तिच्यात अडकलेली काटकी काढा. आणि घरातलं वडीलधारं माणूस चुकताना दिसलं तर गप्प बसू नका. त्याच्याजवळ जा, हळू आवाजात सांगा. मला ते जमलं नाही, कारण मला वाचा नाही. तुम्हाला आहे.

या आषाढातली, परवाचीच गोष्ट. अनंता माझ्या दगडावर बसला होता. दोन गावं पलीकडचा एक शेतकरी त्याला शोधत बांधावरून आला. त्याच्या शेतात खारं पाणी शिरलं होतं, धुवून झालं होतं, बी मोडावर होतं. तो हात जोडून म्हणाला, "अनंतादादा, जरा येता का चव बघायला? तुमच्या घराचं नाव ऐकलंय."

अनंता जरा सरकला आणि त्याला दगडावर बसायला जागा करून दिली.

"चव बघनारी अलिबागला गेलीय, गाडी घेऊन," तो म्हणाला. "सांजच्याला येईल. बसा."

तो माणूस बसून राहिला.